कानातल्या मशीनमधूनच घरच्या घरी थ्रेशोल्ड कसे मोजायचे

थ्रेशोल्ड म्हणजे एखाद्या पट्टीतला कानाला जेमतेम ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज, आणि मशीन म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात घालतो ते श्रवणयंत्र. आधी माझा पहिला प्रयत्न सांगते, कारण बहुतेकांचा तसाच होतो. दोन्ही कानांत मशीन घालून लॅपटॉपसमोर बसले, एक ऑनलाइन टोन जनरेटर उघडला आणि ३००० हर्ट्झ लावला. टोन आला, दोन सेकंदांनी थरथरल्यासारखा झाला आणि मग हळूहळू विरूनच गेला. आवाज वाढवला, परत तेच. छातीत धस्स झालं की आता ३००० पण गेलं वाटतं. तेवढ्यात मुलगा आतल्या खोलीतून ओरडत आला, "आई, काय लावलंयस हे, कान फाटले माझे!"

म्हणजे टोन वाजत होता, कानही तेवढे वाईट नव्हते, माझ्या मशीननेच तो टोन गिळला होता. एकाच पट्टीत सलग वाजणारा बारीक आवाज म्हणजे मशीनच्या दृष्टीने शिट्टी, आणि शिट्टी मारून टाकणं हे तर त्यातल्या फीडबॅक कॅन्सलरचं कामच आहे. त्याच्यावर नॉइज रिडक्शन बसलेलं असतं, ते सलग येणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून खाली दाबतं. उलट बाजूने कॉम्प्रेशन असतं, ते हळू आवाजाला जास्त आणि मोठ्या आवाजाला कमी वाढवतं. आणि मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी लोअरिंग चालू असेल तर ६००० चा टोन तुम्हाला ६००० म्हणून ऐकूच येत नाही, तो खाली सरकवून दिला जातो. एवढ्या सगळ्यातून गाळून जे कानात पडतं त्यावरून कानाचा आकडा काढायचा म्हणजे गॉगल घालून नंबर तपासण्यासारखं आहे.

ब्लूटूथवरून थेट मशीनमध्ये टोन सोडला तर? तेही मी करून बघितलं. माइकची भानगड टळते पण स्ट्रीमिंगलाही मशीन तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे (कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं त्याचा आलेख) गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लावतं, वर फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम आणि इक्वलायझर. जो आकडा येतो तो कशाचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून टोन बाहेरून मशीनमध्ये यायला नको, तो मशीनमध्येच तयार व्हायला हवा. याला इन-सिटू ऑडिओमेट्री म्हणतात, म्हणजे जागच्या जागी केलेली टेस्ट. टेस्ट चालू असताना मशीनचे माइक बंद होतात आणि रिसिव्हर, म्हणजे कानात जाणारा छोटा स्पीकर, स्वतःच टोन वाजवतो. तुमचाच डोम, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपी, तुमचाच कानाचा बोळ, रोज बसतं तसंच बसलेलं मशीन. क्लिनिकमध्ये हेडफोनवर जो ऑडिओग्राम निघतो तो सरासरी कान धरून कॅलिब्रेट केलेला असतो, तुमचा बोळ अरुंद आहे का रुंद, मशीन किती आत जातं, हे त्याला माहीत नसतं. वाइडेक्सकडे हा प्रकार सेन्सोग्राम नावाने नव्वदच्या दशकापासून आहे, फोनाकवाले त्याला ऑडिओग्राम डायरेक्ट म्हणतात, बाकी बऱ्याच कंपन्यांच्या फिटिंग सॉफ्टवेअरमध्ये इन-सिटू याच नावाखाली सापडतं. काही सेल्फ-फिटिंग मशीन्समध्ये तर फोनच्या अ‍ॅपमध्येच ही टेस्ट दिलेली असते, तसं असेल तर अर्धी कटकट वाचली, अ‍ॅप सांगेल तसं करत जा, फक्त खोलीबद्दल आणि मळाबद्दल खाली लिहिलंय ते वाचा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, आणि ही गंमत नाही. ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, दोन-तीन दिवसांत एका कानाचं धाडकन गेलं असेल, तर घरी टेस्ट करत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका बरा आणि पहिले दोन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे असतात. कान दुखतोय, वाहतोय, चक्कर येतेय, एकाच कानात नवीन आवाज सुरू झालाय, तरीही तेच. घरची टेस्ट ही ज्यांचं कमी ऐकू येणं डॉक्टरांनी आधी तपासलंय, कारण माहीत आहे, आणि आता फक्त वर्षभरात काही सरकलंय का एवढंच बघायचंय, त्यांच्यासाठी.

अ‍ॅप नसेल तर सामान काय लागतं बघा. तुमच्या कंपनीचं फिटिंग सॉफ्टवेअर, विंडोजचा लॅपटॉप, आणि मशीनशी बोलणारं प्रोग्रामर नावाचं उपकरण. नवीन वायरलेस मशीन्सपैकी बऱ्याच ब्रँडना नोआलिंक वायरलेस चालतो, काहींचा स्वतःचा वेगळा असतो, जुन्या मशीन्सना केबल लागते. काही कंपन्या सॉफ्टवेअर फक्त प्रोफेशनल लोकांना देतात आणि काही मशीन दुकानाच्या साखळीला लॉक केलेली असतात, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरला दादच देत नाहीत, तेव्हा आधी हे तपासा आणि मगच प्रोग्रामर घ्यायच्या फंदात पडा. यातलं काहीच जमणार नसेल तर तुमच्या ऑडिओलॉजिस्टला सरळ विचारा की पुढच्या वेळी इन-सिटू घ्याल का. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

मशीन जोडताना फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर ऐन टेस्टमध्ये फोन मशीनला आपल्याकडे ओढतो किंवा मेसेजची टिंग कानात वाजते. मशीन बंद करून चालू केलं की पहिली दोन-तीन मिनिटंच ते नवीन जोडणीसाठी तयार असतं, तेवढ्यात सॉफ्टवेअरमध्ये शोधायचं. आणि जोडल्या जोडल्या सगळ्यात पहिलं काम: मशीनमध्ये आत्ता जे सेटिंग आहे ते वाचून घ्यायचं, सेशन सेव्ह करायचं, त्याची एक कॉपी पेन ड्राइव्हवर टाकायची. मी हे पहिल्या वेळी केलं नव्हतं. टेस्ट संपल्यावर सॉफ्टवेअरने विचारलं की नवीन आकड्यांवरून गेन परत काढू का, मी आपलं हो म्हटलं, आणि ऑडिओलॉजिस्टने चार खेपांत बसवलेलं सगळं एका क्लिकमध्ये उडालं. पुढचे दहा दिवस सगळ्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

सॉफ्टवेअरमध्ये डोम कुठला, व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, केवढा, रिसिव्हर किती ताकदीचा हे कानात खरंच जे आहे तेच भरलंय ना ते बघा. ते चुकलं तर सगळे आकडे चुकतात, खासकरून २५० आणि ५०० चे, का ते पुढे सांगते.

आता तयारी. वॅक्स गार्ड, म्हणजे मळ मशीनमध्ये जाऊ न देणारी छोटी जाळी, नवीन लावा, डोम पुसा, बॅटरी पूर्ण चार्ज असू दे. कानात मळ असेल तर आधी तो डॉक्टरकडून काढून घ्या, घरी काडी घालून उकरू नका, मळ आणखी आत जाऊन बसतो आणि मग टेस्ट तुमची नाही त्या मळाची होते. आदल्या दिवशी लग्नात डीजेजवळ उभं राहिलात किंवा ड्रिल मशीन चालवलंत तर टेस्ट पुढे ढकला, मोठ्या आवाजाने कान काही काळ तात्पुरता मंदावतो. मी रात्रीची झोप झाल्यावर सकाळी करते. सर्दी असेल तेव्हा अजिबात करत नाही.

खोली म्हणाल तर घरात साउंडप्रूफ खोली कोणाकडेच नसते, त्यामुळे जे बंद करता येईल ते बंद करायचं. पंखा, एसी, फ्रिजच्या भिंतीला लागून असलेली खोली, लॅपटॉपचा स्वतःचा पंखासुद्धा. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची खोली चांगली, गाद्या-पडदे असलेली त्याहून चांगली. या घरघरीचा त्रास सगळ्यात जास्त खालच्या पट्टीत होतो, कारण पंख्याचा आवाज मुख्यतः तिथेच असतो, आणि डोम उघडा असेल तर तो मशीनला वळसा घालून सरळ कानात शिरतो. माझा २५० चा थ्रेशोल्ड पंखा चालू असताना ४५ यायचा आणि बंद केल्यावर ३०, कान तोच, मिनिटंही तीच.

आता टेस्ट. पद्धत तीच जी क्लिनिकमध्ये वापरतात, १० खाली ५ वर. चांगल्या कानापासून सुरू करा आणि त्यातही १००० हर्ट्झपासून, कारण तो ओळखायला सगळ्यात सोपा. स्पष्ट ऐकू येईल अशा पातळीवर एक टोन वाजवा, एक-दोन सेकंदांचा. ऐकू आला की १० डेसिबल खाली. परत आला, परत १० खाली. नाही आला की ५ ने वर चढत जायचं, ऐकू येईपर्यंत. आला की परत १० खाली. थ्रेशोल्ड म्हणजे सगळ्यात खालची ती पातळी जिथे खालून वर येताना तीनपैकी किमान दोनदा ऐकू आलं.

माझ्या उजव्या कानाचं १००० चं खरंखुरं पान देते म्हणजे कळेल. ६० ला आला, ५० ला आला, ४० ला आला, ३० ला नाही. वर चढले, ३५ ला नाही, ४० ला आला. खाली ३० ला नाही, ३५ ला आला. खाली २५ ला नाही, ३० ला नाही, ३५ ला आला. वर चढताना ३५ वर तीन वेळा थांबले, त्यातली दोनदा ऐकलं, म्हणून ३५ लिहिलं. पहिल्यांदा ४० वाटलं होतं ते खोटं निघालं, म्हणूनच एका चढणीवर विश्वास ठेवायचा नाही.

१००० झालं की २०००, ४०००, मशीन देत असेल तर ६००० आणि ८०००, मग १००० परत एकदा, आणि शेवटी ५०० आणि २५०. हे १००० परत घ्यायचं लोक टाळतात, टाळू नका. दुसऱ्या वेळी ५ च्या आत आलं तर तुम्ही नीट उत्तरं देताय, १० किंवा जास्त फरक पडला तर दमलात किंवा नियम विसरलात, उठा, पाणी प्या, परत सुरू करा. शेजारच्या दोन आकड्यांत २० किंवा जास्तीची दरी असेल, समजा १००० ला ३५ आणि २००० ला ६०, तर मधलं १५०० पण घ्या, उतार नक्की कुठे सुरू होतो ते कळतं.

एक काळजी. ऐकू येत नाही म्हणून सरळ २०-२० ने वर उड्या मारू नका. कमी ऐकणाऱ्या कानाला ऐकू यायला लागल्यापासून ते नकोसं होईपर्यंतचं अंतर खूप लहान असू शकतं, टोन एकदम अंगावर येतो. १०० च्या आसपास गेलं की मी थांबते आणि त्या खान्यात "उत्तर नाही" लिहिते.

स्वतःच क्लिक करायचं आणि स्वतःच ऐकायचं, यात मोठी फसगत आहे. माउस दाबला हे बोटाला माहीत असतं, मग मेंदू टोन ऐकवतोच, नसला तरी. म्हणून दुसरा माणूस हवा. माझा मुलगा माउसवर, मी त्याच्याकडे पाठ करून, ऐकू आला की बोट वर. आणि तरीही पहिल्या तीन वेळा आम्ही चुकलो. पहिल्यांदा समोरच्या कपाटाच्या काचेत मला त्याचा हात दिसत होता. दुसऱ्यांदा खांद्यावर ओढणी होती, तो हलला की तिला झुळूक लागायची, हे मला फार उशिरा कळलं. तिसऱ्यांदा त्याला कंटाळा आला आणि तो टाळ वाजवल्यासारखा तालात दाबायला लागला, मीही तालात बोट वर करत राहिले, शेवटी तोच म्हणाला, "आई, मी मगाचपासून काही वाजवलंच नाहीये." तेव्हापासून नियम असा की दोन टोनमध्ये कधी दोन सेकंद, कधी आठ, आणि मध्येच एखादं खोटं थांबणं जिथे काहीच वाजत नाही. खोट्यावर मी दोनदापेक्षा जास्त बोट वर केलं तर ती फ्रिक्वेन्सी परत.

एकटेच असाल तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये टोन आपोआप, अनियमित वेळाने वाजतो तेच वापरा. माउस हातात घेऊन केलेली एकट्याची टेस्ट मी तरी मोजत नाही.

कानात सतत कुई वाजत असेल, टिनिटस, तर तिच्या आसपासच्या पट्टीत टोन कुठला आणि कुई कुठली हे कळेनासं होतं. माझी कुई ४००० च्या जवळ आहे. सॉफ्टवेअरमध्ये तुटक टोनचा पर्याय असेल तर तो घ्या, पीप-पीप-पीप, कारण कुई सलग असते आणि तुटक आवाज तिच्यातून वेगळा निघतो. तो पर्याय नसेल तर वाजवणाऱ्याला सांगा की कधी दोनदा वाजव, कधी तीनदा, आणि बोट वर करण्याऐवजी किती वाजले ते सांगायचं. आकडा चुकला तर ऐकलं नाही असं धरायचं.

आता उघड्या डोमची भानगड. भोकं असलेल्या डोममधून खालच्या पट्टीचा आवाज कानात टिकतच नाही, बाहेर पळतो. त्यामुळे २५० चा टोन तुमच्या कानाच्या पडद्यापर्यंत पोचवायला मशीनला जास्त जोर लावावा लागतो आणि सॉफ्टवेअरला डोम चुकीचा सांगितला असेल तर तो सगळा जोर तुमच्या कानाच्या नावावर चढतो. क्लिनिकमध्ये २५० ला २० आणि घरी ४० असं दिसलं की लोक घाबरतात. आधी डोमची नोंद बघा, मग खोलीतली घरघर, आणि कानाचा विचार शेवटी.

वरच्या पट्टीतला फरक वेगळा. ६००० ला घरचा आकडा क्लिनिकपेक्षा कायम १० ने वेगळा येतो आणि दर वेळी तितकाच येतो, तर ती चूक असेलच असं नाही, तुमच्या बोळाचा आकार आणि रिसिव्हर किती आत बसतो यामुळे तसं होतं. पण एकदा ५०, एकदा ६५, असं हेलकावे खात असेल तर मशीन कानात कधी जास्त, कधी कमी आत बसतंय. वायर कानाला चिकटून गेलीय का, डोम वाकडा झालाय का ते आरशात बघा.

म्हणूनच मी घरच्या आकड्याची तुलना क्लिनिकच्या आकड्याशी करत नाही, घरच्याच मागच्या आकड्याशी करते. ५ चा फरक म्हणजे काहीच नाही, क्लिनिकमध्येही दोन टेस्टमध्ये तेवढा पडतो. एखाद्याच फ्रिक्वेन्सीला १० पडला तर पुढच्या आठवड्यात परत. शेजारशेजारच्या दोन-तीन ठिकाणी १० किंवा जास्त, आणि दुसऱ्या दिवशीही तेच, तर अपॉइंटमेंट. डेसिबलच्या या मोजपट्टीवर शून्य म्हणजे शांतता नाही हेही लक्षात असू द्या, शून्य म्हणजे निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येतं ती पातळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हल्लीच्या वर्गवारीत चांगल्या कानाची सरासरी २० च्या खाली असेल तर नॉर्मल, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, असं पुढे १५-१५ ने चढतं. ही सरासरी ५००, १०००, २००० आणि ४००० या चारांची.

काही गोष्टी या टेस्टला जमतच नाहीत. हाडावरून ऐकण्याची टेस्ट यात होत नाही, त्यामुळे दोष नसेचा आहे की पडद्यामागच्या हाडांचा हे कळत नाही. आणि दोन कानांत खूप फरक असेल, ४० किंवा जास्त, तर वाईट कानात वाजवलेला मोठा टोन कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू जाऊ शकतो आणि वाईट कान आहे त्यापेक्षा बरा दिसतो. क्लिनिकमध्ये त्यासाठी चांगल्या कानात मुद्दाम सळसळ सोडतात, मास्किंग. ती सोय घरी नसते, तेव्हा अशा लोकांनी वाईट कानाचा घरचा आकडा धरूच नये.

रोज किंवा आठवड्याला एवढा खटाटोप कोण करणार. त्यासाठी लिंगचे सहा आवाज पुरतात, डॅनियल लिंग यांनी लहान मुलांसाठी आणलेली चाचणी आहे पण मोठ्यांनाही चालते. आ, ई, ऊ, म्, श्, स्. कोणीतरी तोंडावर कागद धरून दोन मीटरवरून नेहमीच्या आवाजात उलटसुलट क्रमाने म्हणायचं, आपण ऐकलं तसं परत म्हणायचं. म् आणि ऊ खालच्या पट्टीचे, स् एकदम वरचा. स् हुकला आणि बाकीचे आले तर वरची बाजू बघा, म्-ऊ ची गल्लत झाली तर खालची. ही मशीनसकट कानाची चाचणी आहे, माइक, गेन, डोम सगळं धरून, म्हणून मशीन बिघडलं तर हीच आधी सांगते.

वहीत मी प्रत्येक टेस्टला तारीख, वेळ, डोम, वॅक्स गार्ड कधी बदलला, पंखा बंद का, सर्दी आहे का, आणि माउसवर कोण होतं एवढं लिहिते. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, ऑडिओग्रामवर असतात तसेच. ही वही मागच्या खेपेला कामाला आली. डावा कान २००० ला ४० चा ५५ झाला होता, ४००० ला ५० चा ६५. दुसऱ्या दिवशीही तसंच. फोन उचलून अपॉइंटमेंट घेणार तेवढ्यात वहीतला वॅक्स गार्डचा रकाना दिसला, उजव्याची तारीख होती, डाव्यासमोर नुसती रेघ. आमच्या चिरंजीवांनी डब्यातला शेवटचा गार्ड उजव्याला लावला होता आणि डाव्याचं सांगायचं राहून गेलं होतं. भिंग घेऊन बघितलं तर जाळी पिवळी आणि गच्च बंद. नवीन पाकीट आणलं, गार्ड बदलला, पंखा बंद करून परत बसलो. २००० ला ४०, ४००० ला ५०.